दोन टोपणं

—नाही हो, घरी नाहीत म्हटलं ना! खोटं कशाला बोलू, मिस्त्रीभाऊ? ते बूट? हो, त्यांचेच— बरं, आहेत. झोपलेत. पण उठवणार नाही. बसा, आणि हळू बोला. कशाला आलात ते ठाऊक आहे मला. शाळेच्या बसचे ब्रेक नीट होते असं ह्यांनी लिहून द्यायचं, म्हणजे तुमची नोकरी परत. पण ते सांगतायत ना— पाय दिला, ब्रेक लागलाच नाही, बस गेली फाटकाच्या भिंतीवर! आता ह्यात मी काय सांगणार? मी काय गाडीत होते?

प्यायले होते? कोण म्हणतं? मला कळलं नसतं? सोळा वर्षं संसार करतेय. फ्लशच्या टाकीत सापडलीय मला बाटली, शिलाई मशीनच्या पेटीत सापडलीय. रोज दारात कॉलर नीट करायच्या निमित्तानं तोंडाचा वास घेते मी— शेजारीण म्हणते, किती जीव आहे हो तुमचा नवऱ्यावर! हसा, मीही हसायचे. आणि सोडली होती हो ह्यांनी! पोरीची शपथ घेतली, तीन दिवस थेंब नाही. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता फिट आली— ताट उडालं, डोळे पांढरे, पोर किंचाळतेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्या वर्षांची सवय घरच्या घरी अशी एकदम तोडायची नसते, जिवावर बेततं. दाखल करा, आम्ही औषधं देऊन सोडवतो, तीन आठवडे लागतील. तीन आठवडे! रजेच्या अर्जात काय लिहायचं? मुलांची बस चालवणारा माणूस— कळलं असतं तर परत गाडीला हात लावू दिला असता? मग मी डॉक्टरीणबाईंचं अर्धंच ऐकलं. एकदम सोडायची नाही, एवढंच.

म्हणून सकाळी— हळू म्हटलं ना!— सकाळी मीच देते. खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजून, दोन टोपणं. त्याशिवाय हात असे थरथरतात, शर्टाचं बटण लागत नाही. दोन घेतली की तुमच्या-माझ्यासारखा माणूस. बाटली कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. मला वाटायचं, आणलं आपण आटोक्यात. बाहेर काय घेत होते, देव जाणे. त्या दिवशी दोनानं थरथर थांबेना. तिसरं दिलं. चौथं दिलं. उशीर होत होता, थांब्यावर मुलं उभी— मी कॉलर नीट केली आणि म्हटलं, जा.

असे बघू नका. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं— नाही विचारलंत? एवढं नव्हतं विचारलंत. खरंय. बसमधल्या त्या मुलीचा हात दोन ठिकाणी मोडला, मला माहितीय, मी लांबून बघून आले दवाखान्यात. आत नाही गेले. संध्याकाळी शाळेचे साहेब चौकशीला इथंच बसले होते, तुम्ही बसलात तिथंच. हे नुसते जमिनीकडे बघत होते— आता बोलतील, आता कबूल करतील, असं वाटलं मला. मग मीच बोलले. म्हटलं, आठवडाभर सांगतायत हे, ब्रेक उशिरा लागतो. ब्रेक हा शब्द माझा आहे, मिस्त्रीभाऊ. ह्यांनी फक्त मान हलवली. तुमचं नाव मी घेतलं नाही— घ्यावं लागलंच नाही.

शिव्या द्या ना! किती वाजले? सव्वाअकरा? अगंबाई— आज एकच, साडेबाराची फेरी आहे ह्यांची. बालवाडीची मुलं. बाराला उठवायचंय मला. हो, आजही दिली. सात. सात टोपणं दिली आज, तेव्हा कुठं कप धरता आला. असं कसं काय सोडू मी त्यांना? आणि असं कसं काय पाठवू?

फोन द्या तुमचा. द्या हो लवकर, माझा धीर सुटायच्या आत— हॅलो? शाळेचं ऑफिस ना? चार नंबरच्या बसचे ड्रायव्हर आहेत, त्यांची बायको बोलतेय. आज ह्यांना गाडी देऊ नका. दुसरं कुणीतरी बघा. नाही, बरं नाही असं नाही... प्यायलेत. त्या दिवशीही प्यायले होते. मिस्त्रींचे ब्रेक चांगले होते. ...हो. लिहून देईन. मी देईन.

घ्या फोन. आता जा तुम्ही. नाही, थांबू नका— ते उठलेत. मला आधी त्यांना सांगू द्या.