तुपाची बरणी

पैलवानांचं निघालंय म्हणून सांगतो. सत्तर-एकाहत्तर साल असेल. धाकटा भाऊ शंकर कुंडलच्या एका तालमीत होता. आईनं तुपाची बरणी देऊन मला पाठवलं. म्हणाली, "जमत नसंल तर घेऊन ये त्याला."

मी तांबड्या मातीच्या कडेला बसलो. एका थोराड पैलवानानं शंकरला चारदा पाडलं. मग शंकरला मी दिसलो. पाचव्या वेळी तो पैलवानच पाठीवर पडला. त्यानं पकड आधीच सैल सोडली होती, ते मी पाहिलं.

शंकर धावत आला. "दादा, बघितलंस न्हवं?"

"बघितलं की रं. लय झ्याक."

निघताना बरणी त्या पैलवानाच्या हातात दिली.

"आवं, ही शंकऱ्याची न्हवं?"

"दोघं मिळून खावा. आईला सांगतो, पोरगं चांगल्या माणसांत हाय."