सुमनने मोजलेली विहीर

पोरांना गणित हाताने करून शिकवायचं माझं वेड तुम्हाला ठाऊकच आहे, पण त्याच वेडापायी मी एकदा कसा तोंडघशी पडलो ते ऐका. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी नांदुऱ्याजवळच्या एका खेड्यात सातवीला शिकवत होतो. पोरांना सांगितलं, "फुटाफुटावर गाठी मारलेली दोरी सोडा आणि गावच्या विहिरीचं पाणी काठापासून किती खाली आहे ते मोजून आणा."

दुसऱ्या दिवशी कोणी चौतीस फूट सांगितलं, कोणी अडतीस. सुमन म्हणाली, "छत्तीस." मी स्वतः मोजलं होतं, बरोबर छत्तीस!

"शाबास! दोरी दाखव."

"दोरी नाही, गुरुजी."

"म्हणजे नक्कल केली?" मी छडीच उचलली.

"नाही जी! बादली काठापासून पाण्याले टेकेपर्यंत रहाटाचं चाक बारा फेरे घेते. तेवढंच जुनं चाक उकिरड्यावर पडलं हाये, त्याले सुतळी गुंडाळून पाह्यली. तीन फूट भरली."

छडी माझ्या हातातच राहिली. घेर काढायला मी अजून शिकवलंच नव्हतं!

"अगं, मग सरळ दोरीच काऊन नाही सोडली?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू वर्गातला ढ मीच.

"आमच्या वस्तीले काठावर चढू देत नाहीत ना, गुरुजी. कोणी घागरीत पाणी ओतेपर्यंत आम्ही खालीच उभ्या राह्यतो. मंग मी फेरे मोजत राह्यते."

वर्गात कोणालाच त्याचं नवल वाटलं नाही. हादरलो तो मी एकटा, आणि मी दोन वर्षं रोज त्याच विहिरीचं पाणी पीत होतो.