फटफटीला चढवलेली धाव

आमी मूळचे आंबवड्याचे लोहार. वडील भोरात आले, बाजाराच्या तोंडाशी भाता मांडला, आन बैलगाडीच्या चाकाला धाव चढवावी तर यांनीच, असं नाव झालं. धाव म्हंजी चाकावरची लोखंडी पट्टी. चाकापेक्षा बोटभर कमी मापाची करायची, लाल तापवून चढवायची, वरून पाणी मारलं की ती आवळती, आन लाकूड असं धरती की धा वर्सं हलायचं नाव न्हाई. ते आवळणं माज्या हातात मुरलेलं, आन तितंच म्या माती खाल्ली, काय सांगू तुमाला.

मोठ्या लढाईचे दिवस, रबर समदं फौजेला. टायर डोळ्याला दिसंना. आमच्या डॉक्टरसायबांची फटफटी पुढचा टायर कुजून दोन म्हयने अंगणात उभी. एका सकाळी हिर्डोशीहून दाजी धापा टाकीत आले, गंगूला पटकी झालीया, जुलाब-उलट्या थांबंनात, चला. गंगू म्हंजी माजी धाकटी बहीण. सायेब म्हणाले, कुणाचं तट्टू मिळतंय का बघा. म्या म्हणलं, तट्टू कशाला, तासाभरात फटफटी देतो. मलाच लई घाई. कुजका टायर काढला आन धाव चढवली, बैलगाडीला चढवतो तशीच, बोटभर कमी. पाणी मारलं, आवळली. सायबांनी चाकाच्या तारांना टिचकी मारली, त्या बद्द वाजल्या. म्हणाले, नीट बसलंय ना? म्या म्हणलं, सायेब, तुमी औषधाचं बगा, लोखंडाचं मला सांगू नका.

असं बोललो म्या, ह्याच तोंडानं.

बैलगाडीच्या चाकातला लाकडाचा आरा दाबावर उभा असतो, फटफटीची तार ताणावर. धाव आवळली तशा सगळ्या तारा ढिल्या पडल्या, ह्ये मला कुठं ठावं? सायेब दाजींना मागं बसवून निघाले, आन घाटाखाली चाक पापडावानी मुडपलं. सायबांचा गुडघा फुटला, तरी दाजींच्या खांद्यावर हात टाकून चालत गेले. पोचले तवा दिवस कलला व्हता. गंगू दुपारीच गेली.

म्या इचारलं, येळंवर पोचला असता तर? सायेब खोटं बोलले न्हाईत. म्हणाले, वाचली असती कदाचित. आई माज्याशी बोलायची थांबली. म्या भट्टी इझवली.

मंग एक दिवस सायेब लंगडत आले, मागं दोन गडी फटफटी ढकलत. चाक बसव म्हणाले. म्या म्हणलं, माजा हात नगं हिला. तर म्हणाले, तारेचं आता तुझ्याइतकं कुणाला कळणार? पेटव भट्टी.

मोडीतल्या दुसऱ्या गाडीचं चाक आणलं, टायरासकट. कानशीनं घासून घासून बसवलं, एकेक तार ताणली, वाजवली, सगळ्या एका आवाजात बोलेस्तोवर. पुढचं चाक बारकं, मागचं मोठं, लोक हसायचे, लंगड्या डॉक्टराची लंगडी फटफटी. सायेबबी हसायचे. मला हसू येत न्हवतं.

आता लढाई संपली, तरी सायेब त्येच चाक वापरत्यात. मुडपलेलं म्या दारावर टांगलंय. खंडेनवमीला हत्यारं पुजताना ऐरणीच्या आधी त्याला झेंडूची माळ घालतो. औंदा माळ आईनं ओवली. म्हणाली, गंगूला झेंडू लई आवडायचा. एवढंच, पर बोलली बगा.

तुमी सायकलीवर आलाय न्हवं? थांबा वाईच, तारा वाजवून बगतो, मंग जावा सुखानं.