दारावर बसलेला माणूस

बसा मंडळी, बसा. मागच्यांनी पुढं सरका, तिकडं ऊन येतंय.

आबा, नाना, माय-बहिणींनो, तुमच्यातले बरेच जण मला ओळखत नसतील. मी बोदवडकडचा शेतकरी. गावच्या शाळेत जेवढं मिळालं तेवढं शिकलो. भजनात मागच्या रांगेत टाळ धरणारा माणूस मी, पुढं उभं राहून बोलायची सवय नाही. झेंडूभाऊंविषयी दोन शब्द बोला, असं तुम्ही म्हणालात. घरून निघताना पुष्कळ योजून आलो होतो. पण इथं समोर त्यांचा ओटा दिसला, ओट्यावर ते नाहीत, आणि योजलेलं सगळं पांगलं.

तेव्हा योजलेलं राहू द्या. एकच गोष्ट सांगतो. तुमच्यासाठी सांगतो, आणि त्याहून जास्त त्या उघड्या दाराआड बसलेल्या वहिनींसाठी सांगतो. वहिनी, ऐकू येतंय ना?

भाऊंचं तेरावं होऊन गेलं. सुतक फिटलं. पण या घरात चूल पेटलेली नाही. शेजारून पुतण्याच्या घरचं ताट येतं आणि झाकलेलं तसंच परत जातं. वहिनी घोटभर चहावर आहेत. पुतण्याच्या बायकोनं हात जोडले तर म्हणाल्या, "एकटीसाठी काय रांधायचं?" पुतण्यानं हे मला आल्या आल्या सांगितलं. आधीच पोरबाळ नाही, आता भाऊ नाहीत, आणि वहिनी अशा बसलेल्या. ऐकलं आणि मला बिहारातली माई आठवली.

बिहारात भूकंप झाला तेव्हा आपल्या भागातून मदतीला जे पथक गेलं, त्यात भाऊ होते आणि मी होतो. भुसावळला गाडीत बसलो तेव्हा आमची ओळखही नव्हती. भाऊंच्या गाठोड्यात घोंगडी, कुदळ आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. मी विचारलं, "कुदळ कशाला? तिकडं देतील की." म्हणाले, "दुसऱ्याच्या कुदयीनं माह्या हाताले फोड येतात रे भो."

तिथं काय पाहिलं ते सगळं सांगत नाही. जमीन फाटून आतून वाळू वर आली होती. विहिरी वाळूनं भरलेल्या. आमचं रोजचं काम ठरलेलं. सकाळी विटा उपसायच्या, लाकूड वेगळं काढायचं. दुपारी विहिरीतली वाळू काढायची. संध्याकाळी बांबूच्या झोपड्या उभ्या करायच्या. मी धान्य वाटपावर होतो. थंडी अशी, की सकाळी बोटं मिटत नसत. आणि अशात भाऊ काय करत? वाळूत कलंडलेली केळ दिसली की तिथं उकिडवे बसत. बुंध्याशी माती लावत. ज्याची केळ त्याला खुणेनं विचारत, पाणी कुठून देता, बुंध्यालगतची पिलं कधी काढता. ज्याचं घर पडलंय तो माणूसही दोन घटका केळीचं बोलत बसे. मला नवल वाटे. घर सोडून केळीचं काय विचारतात हे?

पण त्याहून मोठं नवल पुढंच आहे.

आपल्याकडं मयत झालं की आपण दारावर जातो. तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. दारासमोर बसायचं. बोलायचं नाही. त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. उठताना 'येतो' म्हणायचं नाही. घरी येऊन आंघोळ करायची. आता तिथं तर गावंच्या गावं सुतकात. बरं, दारंच राहिली नव्हती, दारावर जायचं कुठं? पण भाऊंना ते पटेना. सकाळी कामाआधी ते एखाद्या पडक्या घरासमोर जाऊन बसत, घोंगडी पांघरून, मान खाली घालून. थोडा वेळ बसून उठत आणि त्या थंडीत नदीवर जाऊन डुबकी मारत. पथकातले हसायचे. एकजण म्हणाला, "भाऊ, सगळ्या जिल्ह्याच्या दारावर बसाल तर तुमचीच मयत व्हायची गारठ्यानं!" भाऊ कुडकुडत म्हणाले, "मंग तू येजो माह्या दारावर. पर आंघोय करजो हं, तुले तिचं वावडं शे... आहे."

हसता ना? हसा. भाऊंची बोली अशीच होती. धुळ्याकडच्या सोयऱ्यांचं ते 'शे' त्यांच्या तोंडात मधूनच यायचं.

त्या गावात एक म्हातारी होती. आम्ही तिला माई म्हणायचो. ती पाण्याला गेली तेवढ्यात घर बसलं. घरातली सगळी माणसं भिंतीखाली गेली. ती विटांच्या ढिगासमोर बसून असायची. धान्य द्यायला मी गेलो तर तिनं पदर पसरला नाही. तिची बोली आम्हांला निम्मी कळायची, पण एवढं कळलं. ती म्हणाली, "कोणासाठी रांधू?" मी धान्य ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी ते तसंच, वर चिमण्या. शेजारच्या बायका म्हणाल्या, ही आता जगायची नाही.

भाऊंना हे कळलं. ते माईच्या दारावर गेले. आपल्या रीतीनं बसले, आपल्या रीतीनं उठले. दुसऱ्या सकाळी पुन्हा गेले. मी म्हटलं, "एका दारावर एकदा जातात, भाऊ." म्हणाले, "तिच्याकडं दुसरं कोन जाईन?"

आणि त्या दुसऱ्या सकाळी माई माझ्यासमोर उभी. पदर पसरलेला. डाळ दे, तांदूळ दे, मीठ दे. खुणेनं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, दारात साधू बसलाय. मौनी आहे. काल उपाशी गेला, आज पुन्हा आलाय. त्याला उपाशी कसा पाठवू?

मंडळी, माझ्या हातातलं माप तसंच राहिलं. दाढी वाढलेली, अंगावर घोंगडी, बोलत नाही, मागत नाही, दारातून हलत नाही. त्या मुलखात अशा माणसाला काय समजतील? आपल्या रीतीचा तिथं असा अर्थ झाला होता. मी धावत गेलो. भाऊंच्या कानाशी लागलो. "भाऊ, उठा. तिनं तुम्हांला बैरागी समजलंय. ती तुमच्यासाठी रांधतेय."

भाऊ घाबरले. खरंच घाबरले. म्हणाले, "अरे देवा! दारावर येऊन सुतकाच्या घरचं खाऊ?" उठायला गुडघ्यावर हात टेकले. तेवढ्यात तीन विटांमधून धूर निघाला. माई वाकून फुंकर घालत होती. भाऊ त्या धुराकडं पाहत राहिले. मी त्यांच्याकडं पाहत राहिलो. आता हे काय करतील? रीत मोडतील, की म्हातारीला तशीच सोडून उठतील?

हात गुडघ्यावरून खाली आले. भाऊ बसले.

पानावर खिचडी आली. भाऊंनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि खाल्ली. तिनं आणखी वाढली. खाल्ली. तिनं आणखी वाढली. आता आपल्याकडं वाढणाऱ्याला नको म्हणणं भाऊंना कधी जमलंच नाही, हे तुम्ही जाणता. ते खात गेले. मी मागून खुणा करतोय, पुरे, पुरे, तिच्यासाठी ठेवा! त्यांचं लक्षच नाही. मडकं रिकामं झालं. माईनं आत डोकावून पाहिलं. मला वाटलं, संपलं सगळं. पण ती कंबरेवर हात ठेवून माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "हा तुमचा साधू आहे की वणवा?" आणि हसली हो. आणि पुन्हा पदर पसरला. पुन्हा चूल पेटली. दुसऱ्या मडक्यातलं ती स्वतः जेवली, भाऊंच्या समोर बसून, त्यांना रागावत रागावत.

त्या दिवशी भाऊ नदीवर गेले का, हे मी मुद्दाम पाहिलं. गेले नाहीत. हात धुतले आणि कुदळ घेऊन विहिरीवर गेले. पुढं आम्ही तिथं होतो तोवर रोज सकाळी माईच्या दारी साधू जेवला. ती पाया पडायची, हे मान खाली घालायचे.

माझ्या मनात मात्र एक गोष्ट टोचत होती. परतीच्या गाडीत विचारलं, "भाऊ, ती तुम्हांला साधू समजून पाया पडायची. तुम्ही पडू दिलंत. देवाला हे चालतं का?"

भाऊ म्हणाले, "पयल्या दिवशी मले ठाऊक नव्हतं. मंग ठाऊक झालं. पर सांगतलं असतं तर तिनं कोनासाठी रांधलं असतं?" मग मलाच विचारलं, "तू देवाचं वाचतो. तूच सांग, पाप लागलं का रे मले?"

पूजेला बसलो की अजूनही कधी कधी तो प्रश्न येतो. खोटं कुठं होतं? तो माणूस साधू आहे, एवढंच खोटं. पण दारी आलेल्याला जेवू घालायची तिची भूक खरी होती. देवानं कोणाच्या रूपानं यावं, हे आपण कसं ठरवायचं? मला उत्तर सापडलेलं नाही. आता विचारायला भाऊही नाहीत. माईचं पुढं काय झालं, तेही ठाऊक नाही. आम्ही निघालो तेव्हा ती शेजारच्या दोन घरांचं रांधत होती, एवढं डोळ्यांनी पाहिलं.

मंडळी, आपण सगळे या दारावर येऊन गेलो. बसलो, उठलो, पाणी न पिता गेलो. रीतीप्रमाणं केलं, चुकीचं काही केलं नाही. सुतकात ते बरोबरच होतं. पण सुतक फिटलंय. आता या दारावर कोणी कशासाठी यावं?

आपण उभे राहू. थोडा वेळ गप्प राहू. ज्याला जो देव प्रिय, त्याच्याजवळ त्यानं भाऊंची आठवण काढावी. नंतर तुम्ही सगळे आपापल्या घरी जा.

मी जाणार नाही. मी त्या ओट्याखाली बसणार आहे. मी साधू नाही, वहिनी, आणि मौनीही नाही, म्हणून तोंडानं सांगतो. बोदवडहून पहाटे निघालोय. पोटात अन्न नाही. पुतण्याच्या घरचं ताट मला नको.

उभे राहा, मंडळी.