तो आला होता की नाही

...आणि वर मलाच म्हणतात, तुला त्यातलं काय कळतंय. मला. माझ्याच घरात, माझ्याच जेवणाच्या टेबलाशी, माझे वडील आणि माझी बायको समोरासमोर बसून तास तास बोलतात, आणि मी आत आलो की दोघं एकदम गप्प, जसा काही मी विजेचं मीटर बघायला आलोय आणि बघून निघून जाणार आहे. तुम्हाला सांगतो, मी जळत नाही. जळणं माझ्या स्वभावातच नाही. नुसतं सांगतोय.

तर झालं काय... नाही, आधी अप्पा कोण ते सांगायला पाहिजे, त्याशिवाय तुम्हाला कळणारच नाही माझं दुखणं. अप्पा म्हणजे माझे वडील. आख्खं आयुष्य कारखान्यात फोरमन. तिथे यंत्रांचा आवाज एवढा, की माणूस तीनच शब्दांत बोलायला शिकतो, आणि तेच तीन शब्द घेऊन घरी येतो. "दार लाव." "पंखा बंद कर." "गाडी हळू चालव." आता तुम्ही म्हणाल, सगळेच वडील असे असतात. असतील. पण माझ्या लग्नाच्या दिवशी मी पाया पडलो, तर आशीर्वाद म्हणून अप्पा काय म्हणाले? "बूट कुठे काढलेस? चोरीला जातील." चोरीला गेले, ते सोडा. मुद्दा तो नाही.

मुद्दा असा, की आई गेल्यापासून अप्पा आमच्याकडे असतात, आणि मागे त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पडून राहायचं. आता फोरमन माणूस पडून राहतो का? घड्याळ मागे पडलंय, गळतोय तो नळ नीट कर, शेजारचा मुलगा जिना उतरताना पाय आपटतो, त्याला सांग. मी तर काय, सकाळी घराबाहेर पडणारा माणूस, लिफ्ट दुरुस्त करतो मी. दिवसभर दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेली माणसं सोडवायची. घरात सापडली ती बायको. ती दुपारपर्यंतच वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर असते. तिनं एक दिवस काय केलं, परत आलेल्या पुस्तकांतलं एक उचललं आणि अप्पांच्या हातात दिलं. जपानी मँगा. म्हणजे चित्रांची गोष्ट, शब्द कमी, चित्रं मोठी, चष्म्याला त्रास नाही. अप्पांनी उलटंपालटं करून बघितलं. "हे काय पोरांचं," म्हणाले. दोन दिवसांनी मी घरी येतोय तर दारातच ऐकू आली अप्पांची आतून बायकोला हाक. मला नाही. "बेटा, दुसरा भाग आणलास का?"

बेटा. तुम्ही ऐकलंत ना? मला आजवर "ए" म्हणतात.

गोष्ट म्हणाल तर एवढीशी. ती पावाच्या भट्टीवर कामाला, तो बोटीवर तिकिटं तपासणारा. रोज सकाळी तो पाव घ्यायला येतो, बोलत काहीच नाही, नुसता पाव घेतो. नऊ भाग. नऊ भागांत माणसानं पाव किती खावा? मग कधीतरी प्रेम, मग भांडण, मग तो दूरच्या बंदरावर बदली घेऊन जातो, सांगून जातो येईन म्हणून, आणि येत नाही, येत नाही, येत नाही. पानंच्या पानं नुसता समुद्र. आणि शेवटच्या पानावर काय? तिचं घर. दार अर्धं उघडं. टेबलावर दोन कप. त्यातल्या एकातून वाफ येतेय. माणूस कोणी नाही. संपलं. तुम्ही पान उलटता, तर पुढे नुसती जाहिरात.

आता तो आला की नाही आला?

झालं. एवढ्यावर आमच्या घरात महाभारत. बायकोचं म्हणणं, नाही आला. "अप्पा, आला असता तर दाखवला असता. चित्रकाराला माणूस काढायचा कंटाळा आला का? ती रोज दोन कप ठेवते हो, सवय म्हणून. एकात चहा, एक रिकामा." आणि अप्पा? ज्या माणसानं आख्ख्या आयुष्यात कधी "बरं वाटतंय का" असं विचारलं नाही तो माणूस उशीला टेकून, डोळे पुसत म्हणतो, "नाही बेटा. तो आलाय. आलेला माणूस काही बोलत नाही. तो त्याचा कप पिऊन मोकळा झालाय म्हणून त्यातून वाफ नाही. तिचा अजून भरलेलाय, कारण ती त्याच्याकडे बघत बसलीय."

 म्हटलं, हे वाक्य माझ्या वडिलांच्या तोंडातून आलं? एवढं लांब?

बरं, दोघांत ठेवावं की नाही? नाही. बायकोनं त्यांना फोनवर एक पान दाखवलं. तिथे ही मँगा वाचणारी जगभरची माणसं जमतात आणि भांडतात. आपलं मत मांडतात म्हणे. एकजण म्हणतो, तो बोट बुडून मेला, ती वाफ म्हणजे त्याचा आत्मा. दुसरा म्हणतो, दोन्ही कप तिचेच, पहिला गार झाला म्हणून दुसरा घेतला. एकीनं लिहिलंय, शेवट वाचून मी आठवडाभर नवऱ्याशी बोलले नाही. त्या बिचाऱ्या नवऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. आणि अप्पा बायकोला सांगतात, ती टाइप करते, खाली नाव काय, तर "गुडघेवाले आजोबा". लोक तुटून पडलेत हो. बदाम काय, फुलं काय. आजोबा, तुमचं वाचून पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. आजोबा, तुम्ही रोज लिहा. एक मुलगी लिहिते, "आजोबा, मला तुमच्यासारखे वडील हवे होते."

म्हटलं ये बाई, घेऊन जा. पत्ता देतो.

नाही, जळत नाही मी. नुसतं सांगतोय.

पण खरं सांगू का तुम्हाला, हे सगळं मी पोटात घातलं होतं. म्हातारा माणूस आहे, विरंगुळा आहे, आपल्या डोक्याला ताप नाही. मग एक दिवस मी आपला पोळी खाताना सहज म्हणालो, या अप्पांना कशावरून एवढी खात्री, की तो आलाच? तर बायको ताटातून मान वर न करता म्हणते, "ते आईंना आणायला गेले होते ना, म्हणून."

कुठे आणायला?

"अहो, तुम्ही तान्हे असताना दोघांचं भांडण झालं होतं. आई तुम्हाला घेऊन मावशींकडे राहायला गेल्या होत्या. कितीतरी महिने. शेवटी अप्पा गेले आणि घेऊन आले. एक शब्द बोलले नाहीत, आईंनी समोर चहा ठेवला, दोघं प्यायले आणि निघाले. तुम्हाला माहीत नाही?"

 मला माहीत नाही. जे बाळ त्या मावशीकडे पाळण्यात होतं ते मी. माझी आई, माझे वडील, माझा पाळणा, आणि मला माहीत नाही. हिला माहीत. का, तर हिनं कपाच्या वाफेवर चर्चा केली. एवढी वर्षं मी त्या माणसाचा मुलगा म्हणून फुकट नोकरी केली म्हणायची.

मग मात्र मी ठरवलं, वाचायचं. आपणही वाचायचं आणि मत मांडायचं. पहिला भाग डब्याच्या पिशवीत घातला आणि दुपारच्या सुट्टीत गाडीत बसून उघडला. आता मला कोणी सांगितलंच नव्हतं, की ते उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. मी आपला आपल्या पद्धतीनं. आधी ती म्हणते "नाही." मग तो विचारतो "येशील का माझ्याबरोबर?" मला काही खटकलंच नाही, आमच्या घरी असंच चालतं. आधी ती रडते, मग तो काहीतरी बोलतो. बरोबरच आहे की. पहिला भाग असा उलटा वाचून मला गोष्ट चांगली आनंदाची वाटली. शेवटी जोडीदार मेकॅनिक डोकावला आणि म्हणाला, "साहेब, हे शेवटून सुरू होतं. माझी बहीण वाचते." आणि वर म्हणतो, "तिचं म्हणणं, तो आलाच नाही." म्हणजे कामावरसुद्धा सुटका नाही.

पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नऊ भाग. रडलो का? नाही. आठव्या भागात डोळ्याला ग्रीसचा हात लागला, एवढंच.

आणि रविवारी सकाळी मी टेबलाशी जाऊन बसलो. दोघं गप्प झाली, नेहमीसारखी. मी म्हटलं, वाचली मी. बायको म्हणाली, "अय्या, खरंच? मग? आला की नाही?" अप्पांनी चष्मा काढला. दोघं माझ्याकडे बघतायत. लग्नानंतर प्रथमच दोघं एकाच वेळी माझ्याकडे बघतायत. आता मी सांगतो तुम्हाला खरं काय ते, माझं मत बित काही नव्हतं. आला म्हणावं तर अप्पांचा झालो, नाही म्हणावं तर बायकोचा. दोघांपैकी कोणाचंच व्हायचं नाही, एवढाच माझा बेत. म्हणून तोंडाला येईल ते बोललो.

म्हटलं, तो आला होता. पण ती घरात नव्हती.

बायको हसली. "मग गरम चहा कोणी केला?"

म्हटलं, त्यानंच केला. दार उघडं होतं, आत आला, हाक मारली, कोणी नाही. बसला. चहा केला, तिच्यासाठी एक, स्वतःसाठी एक. आपला प्यायला, तिची वाट बघितली, आणि ती येत नाही म्हणून निघून गेला. ती आली तेव्हा तिचा कप अजून गरम होता. लिफ्टसारखंच आहे, माणूस मजल्यावर येतो आणि दार उघडायच्या आत वैतागून जिन्यानं जातो.

"काहीतरीच तुमचं," बायको म्हणाली. पण अप्पा माझ्याकडेच बघत होते. चष्मा हातात तसाच. मग मला म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?"

काय कोणी सांगितलं?

"मी आधी एकदा येऊन गेलो होतो ते."

 अप्पा टेबलाकडे बघत बोलायला लागले, हळू, यंत्रं बंद पडल्यावर माणूस बोलतो तसे. "भांडणानंतर महिन्याभरातच गेलो होतो मी. तुझ्या मावशीच्या खोलीचं दार उघडं. मावशी कामावर. आत कोणी नाही, पाळणा रिकामा. मला वाटलं, मी येताना हिनं खिडकीतून बघितलं आणि मागच्या दारानं निघून गेली. तोंड बघायचं नाही तिला माझं. थोडा वेळ बसलो. माठातलं पाणी प्यायलो. निघून आलो. नंतर चार महिने फिरकलो नाही."

आणि आई कुठे होती, मी विचारलं.

"तुला घेऊन दवाखान्यात. नंतर ती सगळ्यांना हसून सांगायची, की पोराला काय झालं म्हणून दार उघडं टाकून धावत गेले, तर डॉक्टर म्हणाले, नुसतं पडसं आहे, घरी जा."

बायकोनं विचारलं, "आईंना सांगितलंत तुम्ही? की आधी येऊन गेलात?"

"नाही."

"कधीच नाही?"

"ती जन्मभर मला चिडवायची, तुम्हाला यायला एवढे महिने लागले म्हणून. मी ऐकून घ्यायचो." अप्पांनी चष्मा पुसला, पण घातला नाही. "सांगितलं असतं तर म्हणाली असती, आलात तर मग थांबला का नाहीत. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं."

मला काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. आई डोळ्यासमोर आली, अप्पांना चिडवताना, आणि हे गप्प बसलेले. एवढं मात्र सांगतो, की मी अप्पांच्या हातावर हात ठेवला आणि त्यांनी तो थोडा वेळ राहू दिला.

आणि दुसरं सांगतो. बायकोचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आत गेल्यावर मला म्हणते, "मला नाही सांगितलं अप्पांनी हे कधी. इतकं बोलतो आम्ही, आणि मला नाही." बघा. आता कोण जळतंय?

तिथे मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मला चेव आला. मी बाहेर येऊन म्हटलं, अप्पा, पण खरंच, पाच मिनिटं थांबला असतात तर? नुसतं पडसं होतं हो, आई लगेच आली असेल परत.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. एकदम फोरमन.

"चार महिने गेले माझे," म्हणाले, "तुझ्या पडशापायी."

अहो, मी तान्हा होतो.

"तान्ह्या पोरांना पडसं होऊ नये असं नाही. पण त्याच दिवशी?"

मी म्हटलं, मग काय तुम्हाला विचारून शिंकायला पाहिजे होतं का? ते म्हणाले, आवाज चढवू नकोस. मी म्हटलं, चढवत नाही. बायको मधे पडली, तिला दोघांनी गप्प केलं. आणि तेव्हापासून अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. त्या फोनवरच्या पानावर मात्र त्यांनी लिहायला लावलंय, की माझ्या मुलाचं मत थोडं वेगळं आहे, ते चूक आहे, पण विचार करण्यासारखं आहे. मी सोडून सगळ्या जगाला सांगितलंय. माझ्या मताला तेवढे तीन बदाम पडलेत, त्यातला एक माझाच.

नाही, मला वाईट वाटत नाही. इतकी वर्षं आम्ही बापलेक बोलत नव्हतो, कारण बोलायला विषयच नव्हता. आता विषय आहे म्हणून बोलत नाही. प्रगतीच म्हणायची, दुसरं काय.