बसूचं जहाज

चहा घेता घेता सांगतो. नेसरीत आमच्या शेजारी गंगाअव्वा राहायच्या. त्यांचा थोरला मुलगा बसू नौदलात होता. तो जहाजावर तापानं वारला, एवढीच तार आली होती. अव्वांचं घर लिंगायत, त्यांच्यात माणसाला मातीच देतात. "माझ्या पोराला पाण्यात सोडला, माती मिळाली न्हाय," असं त्या वर्षानुवर्षं म्हणत राहिल्या.

बसूच्या पत्रांवर नौदलाच्या ज्या तळाचा पत्ता असायचा, तो नव्वद सालानंतर बंद झाला आणि लोकांना आत जाता येऊ लागलं. अव्वा म्हणाल्या, "एकदा त्याचं जहाज दाव मला." मी त्यांना एसटीनं घेऊन गेलो.

फाटकावर एक म्हातारा पहारेकरी होता. मी जहाजाचं नाव सांगितलं, तर त्यानं गवतातल्या दगडी बराकीकडं बोट केलं. "हेच ते. इंग्रजांनी पलटणीसाठी बांधलेलं, मग नौदलानं घेतलं."

मी म्हणालो, "पावणं, म्हातारीची थट्टा करू नका की."

"थट्टा नाही. नौदलात जमिनीवरच्या तळालाही जहाजच म्हणतात. मी इथं स्वयंपाकी होतो. तुमचा माणूस कोण?"

"बसू. नेसरीचा. गळ्यात लिंग असायचं."

त्यानं फाटक उघडलं. मग म्हणाला, "त्याला जाळू देईनात त्याचे सोबती. पुरायचाच म्हणून अडून बसले. या."

बराकीमागं चिंचेखाली दगडांचा एक चौथरा होता. अव्वा त्याच्याशेजारी बसल्या आणि त्यांनी मातीवर हात ठेवला. रडतील असं मला वाटलं.

"भुई गार हाय रं," त्या म्हणाल्या. "हळू बोला. झोपलाय त्यो."