सतरा नंबर

बेलापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर बाप-लेक बसले होते. बापाच्या पायात ट्रेकचे बूट.

"उगाच आणलंस. रविवारी विहारातली वीस पोरं घेऊन सांधण दरीत उतरायचंय, किती कामं पडलीत."

"तुमी उतरायचं नाही, पप्पा."

"पंधरा वर्षं नेतोय मी. तिथल्या पाण्यातला दगड न् दगड ओळखतो."

"गेल्या खेपेला पाय ठेवलात तो दगड नव्हता. कड्याची सावली होती."

"शेवाळावरून घसरलो गं, संघमित्रा."

"मी मागेच होते. वर आल्यावर रतनगड म्हणून ढग दाखवलात. पोरं हसलीसुद्धा नाहीत."

"आईला बोललीस?"

"अजून नाही."

"मग बोलू नकोस. पोरांच्या आया माझ्या भरवशावर पाठवतात."

"म्हणूनच तर आणलंय तुमाला."

तो बराच वेळ बुटाची नाडी ओढत राहिला.

"आपला नंबर कितवा?"

"सतरा."

"मग टेन्शन नाही. चहा मारून येऊ."

"पप्पा, समोर बोर्ड बघा."

"बघतोय ना. अकराच चाललाय अजून."

समोरच्या भिंतीवर हातभर उंचीचा लाल सतरा लागला होता. आतून तिसऱ्यांदा बेल वाजली.